सातवीणच्या पानांवर वाटाण्याएवढ्या गाठी, ओकच्या पानांवर गांधीलमाशी करते त्याच का या?

नेरुळ_खाडीकाठ

नमस्कार, मी इथे बरेच दिवस नुसतं वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. आमच्या सोसायटीच्या गेटजवळ सातवीणची दोन मोठी झाडं आहेत (सप्तपर्णी म्हणतात ती, पावसाळा संपला की रात्री जिचा वास अख्ख्या सेक्टरभर पसरतो). यंदा त्यातल्या एका झाडाच्या पानांवर खूप गाठी आल्यात. हरभऱ्याएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, पानाला वरून टेंगूळ आल्यासारख्या आणि खालूनही फुगलेल्या, हाताला टणक लागतात, दाबून दबत नाहीत. एका पानावर मुलाने मोजल्या तर 23 निघाल्या. काही ठिकाणी दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून एकच गोळा झालाय आणि पान तिथे मुरडलंय. नखाने एक फोडायला गेले तर पांढरा चीक आला, बोटांना चिकटला, मग दिलं सोडून.

मुलगा सहावीत आहे. त्याने कुठेतरी ओकच्या पानावरच्या गोल गोल गाठींचे फोटो बघितले आणि खाली लिहिलं होतं म्हणे की मुंगीहून लहान गांधीलमाशी पानात अंडं घालते आणि मग झाड स्वतःच तिच्या अळीसाठी घर बांधून देतं. तेव्हापासून तो ठाम आहे की आपल्या गेटवर त्याच माश्या आहेत. मला ते पटतही नाही आणि खोडताही येत नाही कारण मला यातलं काहीच माहीत नाही.

आणि घाई अशासाठी की सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय पेटलाय. एकाचं म्हणणं झाडाला रोग लागलाय, आता शेजारच्या आंब्यालाही लागणार, औषध मारून घ्या. दुसऱ्याचं म्हणणं फांद्याच उतरवा. रविवारी मीटिंग आहे. तिथे बोलायचं तर आधी हे काय आहे ते कळायला हवं ना. पंधरा वर्षं बघतेय मी ही झाडं, खाली शाळेच्या बसची वाट बघत मुलं उभी राहतात, त्यांना हे किडे चावतील का हीसुद्धा एकीची शंका आहे. फोटो तीन टाकलेत, कुणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.


येऊर_पायवाट

ताई, फोटो फार उपयोगी काढलेत, पानाच्या दोन्ही बाजू दिसतायत, बहुतेक लोक फक्त वरची बाजू काढतात.

आधी तुमच्या मुलाचं उत्तर. त्याने वाचलंय ते शंभर टक्के खरं आहे, पण त्या माश्या ओकच्या. ओकवर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या साधारण हजार जाती आहेत आणि त्या ओक सोडून दुसऱ्या झाडाला जवळजवळ विचारतच नाहीत. आपल्या सह्याद्रीत नैसर्गिक ओक नाहीच, भारतात तो हिमालयात आणि ईशान्येकडे. त्यामुळे नेरुळच्या सातवीणवर ओकची माशी असायचं कारण नाही. पण मुलाची जी मूळ कल्पना आहे ना, की किडा आत असतो आणि घर झाड बांधतं, ती तुमच्या गेटवर अगदी तशीच्या तशी चालू आहे, फक्त भाडेकरू वेगळा आहे.

गाठ ओळखायची असेल तर किड्यापासून सुरुवात करायची नाही, झाडापासून करायची, हे मला कळायला दोन वर्षं लागली. आपण किडा शोधत बसतो आणि तो मिलिमीटरभराचा, दिसतही नाही. पण गाठ करणारे किडे फार चोखंदळ असतात, एकेकाचं झाड ठरलेलं असतं, त्या झाडाचा भागही ठरलेला असतो (कुणी फक्त पान, कुणी फक्त देठ, कुणी कळी) आणि गाठीचा आकारही ठरलेला. म्हणजे झाडाचं नाव पक्कं असेल, गाठ कुठे आहे आणि कशी दिसते हे नीट बघितलं असेल तर निम्म्याहून जास्त काम झालं. सातवीण, पानावर, दोन्ही बाजूंनी फुगलेली, टणक, चीक येणारी गाठ, हे वर्णन स्यूडोफॅकॉप्टेरॉन ट्यूबरक्युलाटम (जुनं नाव पॉरोसायला ट्यूबरक्युलाटा) नावाच्या किड्याला लागू पडतं. हा सायलिड, म्हणजे संत्र्यावर जो सायला पडतो त्याच्या गोतावळ्यातला, रस शोषणारा. गांधीलमाशीशी त्याचं काही नातं नाही, मावा आणि तुडतुडे त्याचे भाऊबंद. ठाणे, मुंबई, नवी मुंबई सगळीकडे सातवीण रस्त्याच्या कडेने लावलेली आहे आणि जिथे सातवीण तिथे हा थोडाफार सापडतोच, आमच्या उपवनच्या रस्त्यालाही आहे.

आता तुम्ही म्हणाल फोटोवरून इतकं कसं सांगता. तर पुढचं तुम्ही स्वतः तपासा, मुलाला घेऊन. गाठीचं दार बघायचं. आतला किडा बाहेर कसा पडला यावरून तो कोण होता ते बऱ्यापैकी कळतं. गांधीलमाशीला चावायला जबडा असतो, ती आतून कुरतडत येते, म्हणून तिचं भोक बारीक आणि अगदी गोल, सुईने पाडल्यासारखं. सायलिडला जबडाच नाही, फक्त शोषायची सोंड, तो भिंत कुरतडूच शकत नाही, म्हणून त्याची गाठ पिकली की आपणच तडकते, बोंड उकलल्यासारखी, आणि तो बाहेर येतो. चिलटाच्या जातीची माशी असेल (आंब्यावरची मिजमाशी तुम्ही ऐकली असेल, ती) तर तिचा कोश अर्धा बाहेर सरकतो आणि माशी उडून गेल्यावर त्याचं रिकामं टरफल भोकात अडकलेलं दिसतं. आणि कोळी (जाळं विणणारे नव्हेत, पानांवरचे अगदी बारीक माइट) असतील तर दार पहिल्यापासून उघडंच असतं, पानाच्या खालच्या बाजूला, बारीक लव असलेलं.

तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडे खाली एक गाठ तडकलेली दिसतेय. झूम करून बघा.

एक हिरवी, न तडकलेली गाठ ब्लेडने आडवी कापा (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलाला कापायला देऊ नका). आत पोकळीत चपटं, फिकट पिल्लू बसलेलं दिसेल, डोळे वेगळे दिसतील, पाठीवर पंखांच्या जागी दोन छोटे फुगवटे. तसं दिसलं की सायलिड नक्की. गांधीलमाशीची अळी असती तर ती पांढरी, गुबगुबीत, बिनपायांची, तांदळाच्या कणीसारखी दिसली असती.

आणि वेळ असेल तर बरणी करा. गाठी असलेली आठ-दहा पानं काचेच्या बरणीत, तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर, आत टिश्यू पेपरची घडी म्हणजे पाणी साठून बुरशी येणार नाही, उन्हात ठेवायची नाही, रोज बघायचं. बरणीवर झाडाचं नाव, ठिकाण आणि तारीख लिहायचीच. मात्र यात एक मोठी फसगत आहे. बरणीत जे निघेल ते गाठ करणारंच असेल असं नाही. गाठीच्या आतल्या किड्याला खाणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या असतात, त्या बाहेरून लांब सुईसारख्या नळीने गाठीत अंडं घालतात, मग आतून मालकाऐवजी त्याच बाहेर पडतात. शिवाय पोटभाडेकरू पण असतात, जे स्वतः गाठ बांधत नाहीत पण दुसऱ्याच्या गाठीत राहून तिचा गर खातात. ओकच्या गाठींत तर हा प्रकार इतका आहे की एका गाठीतून पाच-सहा वेगवेगळ्या जाती निघू शकतात. त्यामुळे बरणीत चमकदार हिरवी माशी दिसली की मुलगा नाचेल, "बघ मी म्हणालो होतो गांधीलमाशी", तेव्हा त्याला विचारा की ती ज्या गाठीतून निघाली ती तडकलीय का तिला गोल भोक आहे.

मीटिंगचं वेगळं लिहितो, आत्ता ट्रेनमध्ये आहे.


खारघर_सकाळ

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सिल्व्हर ओकची रांगच आहे, मग आमच्याकडे ओकवाल्या गाठी येऊ शकतात का? कधी बघितल्या नाहीत म्हणून विचारतोय.


येऊर_पायवाट

नाही. सिल्व्हर ओक नावालाच ओक, ते ऑस्ट्रेलियातलं झाड, ग्रेव्हिलिया, चहाकॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात. खऱ्या ओकला तळाशी वाटी असलेलं फळ लागतं, याला नारिंगी फणीसारखी फुलं येतात. ओकची माशी त्याच्याकडे फिरकणारसुद्धा नाही.


काकू_कळवा

वाचून फार बरं वाटलं. ताई, तुमचं नाव माहीत नाही पण तुमच्या घरात लहान बाळ कधी झालं असेल तर ओकवरची गाठ तुमच्या घरात येऊन गेलेली आहे! मुलाला सांगा. आपल्या बाळगुटीतलं मायफळ म्हणजे तीच गाठ. फळ म्हणतात पण ते फळ नाहीच. तुर्कस्तान, सीरिया, इराण त्या बाजूला एक बुटका ओक होतो, त्याच्या डहाळीवर गांधीलमाशी अंडं घालते आणि जी गाठ धरते ती वाळवून विकतात. माझ्या सासूबाईंचं माहेर ठाण्यातच, बाजारपेठेत त्यांच्या ओळखीचा काष्ठौषधीवाला होता, त्या मायफळ घेताना एकेक हातात घेऊन फिरवून बघायच्या आणि भोक असलेलं बाजूला काढायच्या. किडकं नको म्हणायच्या. मला वाटायचं साठवणीत कीड लागली असेल. खूप वर्षांनी कळलं की ते भोक म्हणजे माशी बाहेर पडून गेल्याचं दार, आणि सासूबाईंचं निवडणं बरोबरच होतं, कारण माशी बाहेर पडायच्या आधी तोडलेलं मायफळ जड असतं, रंगाने निळसर-हिरवट काळपट असतं आणि तुरटपणा त्यात जास्त. भोक पडलेलं फिकट आणि हलकं. अंगावर बारीक टेंगळं असतात बघा मायफळाला, जायफळ गुळगुळीत लांबट असतं, मायफळ गोल आणि खडबडीत.

आणि गुटीतली काकडशिंगी! तीसुद्धा गाठच. ती हिमालयातल्या एका झाडाच्या पानांवर मावा करतो, लांब, पोकळ, शिंगासारखी वाकडी. म्हणजे सहाणेवर आपण दोन-दोन गाठी उगाळत आलोय आणि दोन्ही वेगवेगळ्या किड्यांच्या. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो बटवा घेऊन बसले होते.

(गुटी बाळाला द्यायची का, कधी द्यायची हे मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच. आजकाल पहिले सहा महिने फक्त आईचं दूध असंच सांगतात आणि मीही सुनेला तेच सांगितलं.)

मुलाला एक गंमत करायला द्या. मायफळ सहाणेवर पाण्यात उगाळा, गढूळ पिवळट पाणी येईल. त्यात चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकली की बघता बघता काळंनिळं होतं. हीच जुनी शाई. मायफळात निम्म्याहून जास्त टॅनिन असतं, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग धरतो. हिराकस नसेल तर गंजलेला खिळा त्या पाण्यात रात्रभर ठेवा, हळू होईल पण होईल.


नेरुळ_खाडीकाठ

काकू, अंगावर काटा आला वाचून. भाची चार महिन्यांची आहे, सासूबाईंचा बटवा घरातच आहे, मायफळ चार निघाली. तीनांना भोक नाही, एकाला आहे. अगदी गोल!! मुलगा ते भिंगाखाली घेऊन बसलाय आणि जेवायला उठत नाहीये.

येऊर दादा, झूम करून बघितलं, तडकलेली गाठ आहे खरंच, उकललेली, कडा बाहेर वळलेल्या. आम्ही त्याच्यावरून नुसतं बोट फिरवून गेलो होतो.


हिरवी_खिडकी

मी घोडबंदर रोडला राहते पण मध्ये दोन वर्षं इंग्लंडमध्ये होते आणि तिथे ऑक्टोबर महिनाभर मी रस्त्यावरची ओकची पानं उलटी करून बघत चालायचे, त्यामुळे मुलासाठी लिहिते. त्याने बघितलेला फोटो कुठला असेल त्यावर अवलंबून आहे. पानाच्या खालच्या शिरेला लाल-पिवळी, गोटीएवढी रसरशीत गोल गाठ असेल तर ती चेरी गॉल, सिनिप्स क्वेर्कसफोलाय नावाच्या माशीची. पानाच्या पाठीवर शेकडो चपट्या, लालसर, मधे किंचित उंच टिकल्या चिकटवल्यासारख्या असतील तर तो स्पँगल गॉल, न्युरोटेरस क्वेर्कसबॅकारम. आणि तशाच पण आणखी लहान, मधे खळगा आणि कडेने सोनेरी रेशीम गुंडाळल्यासारखी बटणं असतील तर सिल्क बटन, ती त्याच घराण्यातली पण वेगळी जात, न्युरोटेरस न्युमिस्मालिस. एकाच पानावर तिन्ही बघितल्यात मी. टिकली आणि बटण यांचा फरक नुसत्या डोळ्यांनी चुकतो, भिंगातून चुकत नाही.

पण मला सगळ्यात वेड लावलं ते त्यांच्या वर्षाने. टिकल्या शरदात पानावरून सुटून खाली पडतात, पान नंतर गळून त्यांच्यावर पांघरूण होतं, थंडीभर अळी त्या टिकलीत जमिनीवर. वसंतात त्यातून ज्या माश्या निघतात त्या सगळ्या माद्या. नर नाहीच. त्या नराशिवायच ओकच्या तुऱ्यांवर आणि कोवळ्या पानांवर अंडी घालतात आणि तिथे जी गाठ धरते ती टिकलीसारखी अजिबात नाही, ती करवंदाच्या लहान भावासारखी गोल, रसाळ, लालसर. त्यातून जूनच्या सुमारास नर-मादी दोन्ही निघतात, जोड्या जमतात आणि ती मादी पानाच्या पाठीवर अंडी घालते, की परत टिकल्या. म्हणजे आजीसारखी नात आणि आईसारखी कुणीच नाही. पूर्वी लोकांना या दोन वेगळ्याच जाती वाटायच्या, दोन नावं दिलेली होती, आणि चूक तरी कशी म्हणायची, गाठी एकमेकींसारख्या दिसतच नाहीत. म्हणून ओकची गाठ ओळखताना झाड आणि भाग यांच्याबरोबर महिना पण लिहायचा.

आणि मुलाला हे पण सांगा की एका माणसाने या माश्यांपायी आयुष्यातली वीस वर्षं घातली, आल्फ्रेड किन्सी, अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ. पुढे तो वेगळ्याच विषयावरच्या संशोधनाने जगभर माहीत झाला पण सुरुवात ओकच्या गाठींची. त्याने जमवलेले लाखो नमुने न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात आहेत.


पाठपिशवी_ठाणे

मे महिन्यात आम्ही बिनसरला गेलो होतो (अल्मोड्याजवळ), तिथल्या बांजच्या पानांवर आणि कोवळ्या फांदीवर अशाच गाठी होत्या, गाईड म्हणाला रोग आहे. बांज म्हणजे ओकच ना? मग त्या गांधीलमाशीच्या म्हणायच्या का?


हिरवी_खिडकी

हो, बांज हा खरा ओक, पानाची पाठ पांढुरकी असते बघा. तिकडे तिलोंज आणि वर खर्सू हे आणखी दोन ओक. त्या झाडांवर ओकच्या गांधीलमाश्या आहेतच, त्यामुळे तुमचा अंदाज चुकीच्या दिशेने नाहीये. फोटो मोठा करून बारीक गोल भोक दिसतंय का बघा आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा एक गाठ अर्धी कापून फोटो घ्या, भिंत जाड आहे का, आत एक खोली की अनेक, मधली खोली भिंतीला चिकटलेली की सुटी खुळखुळणारी, यावर ओकच्या गाठींचं नाव ठरतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून ओळखू येतात. मी तिथे खिशात छोटी सुरीच ठेवायचे.


ऐरोली_वाडीवाला

सगळं छान चाललंय पण शेतीवाल्याचं थोडं ऐका. गाठ म्हटलं की निरुपद्रवी असं सरसकट मीटिंगमध्ये सांगू नका ताई, नाहीतर कुणीतरी बरोबर खोडून काढेल. भातावरची गादमाशी, पोंग्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ चंदेरी नळी येते आणि त्या फुटव्याला लोंबी धरतच नाही, ती नळी म्हणजे गाठच आहे आणि शेतकऱ्याला रडवते. नारळावरचा इरिओफाईड कोळी आमच्या रोह्याच्या वाडीने चांगलाच भोगलाय, 1998 साली केरळात सापडला आणि मग इकडे. त्याचेच भाऊबंद करंजाच्या पानांवर त्या बोटांसारख्या उभ्या पिशव्या करतात, पाम बीच रोडला करंज भरपूर आहे, उद्या जाऊन बघा, पण करंजाला त्याने काही होत नाही, पानं कुरूप दिसतात इतकंच. कोळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो, पाय चारच, भिंगातूनही मुश्किलीने.

आणि गाठ करणारी गांधीलमाशी आपल्याकडे नाही असंही नाही. पांगारा घ्या. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी नावाची माशी, दीड मिलिमीटर जेमतेम, 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं तेव्हा ती सिंगापूर, मॉरिशस, रियुनियन इथे पांगाऱ्यावर दिसली होती, त्याआधी कुणाला माहीतही नव्हती. पुढच्याच वर्षी हवाईत पोचली आणि तिथला स्थानिक पांगारा, विलिविली म्हणतात त्याला, त्याची झाडंच्या झाडं मेली. मग 2008 मध्ये तिथे तिच्या अळ्या खाणारी आफ्रिकेतली दुसरी गांधीलमाशी मुद्दाम सोडली तेव्हा विलिविलीला पालवी फुटायला लागली. भारतात केरळात आली तेव्हा मिऱ्याच्या वेलांना आधाराला लावलेल्या पांगाऱ्याला फटका बसला. ओकच्या माश्यांच्या घराण्यातली नाही ही, घराणं वेगळं, पण धंदा तोच. देठ सुजल्यासारखे जाड, पान चुरगळलेलं, त्यावर बारीक गोल भोकं. पांगाऱ्यावर असं दिसलं तर मात्र फोटो काढून ठेवा आणि तो पाला दुसरीकडे नेऊ नका.


येऊर_पायवाट

वाडीवाले दादा, बरं झालं लिहिलंत, हे मी लिहायला हवं होतं. झाड कुठलं आणि किडा कुठला यावर सगळं आहे.

ताई, मीटिंगसाठी. सातवीणचा हा किडा आंब्यावर जाणार नाही, त्याचं झाड ठरलेलं आहे. आंब्याच्या पानावर बारीक पुळ्यांसारख्या गाठी येतात त्या मिजमाशीच्या, जांभळाच्या पानावर खळगे पडतात ते दुसऱ्या सायलिडचे, उंबराच्या पानावरच्या गाठी आणखी एका वेगळ्या सायलिडच्या. एका रांगेत उभी असलेली ही चारही झाडं आपापल्या किड्यांसकट उभी असतात, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मुलांना चावायचा प्रश्नच नाही, त्याची सोंड पानाच्या रसासाठी आहे.

औषधाचं म्हणाल तर किडा चारी बाजूंनी बंद घरात आहे, वरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचतं ते बाहेर फिरणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांपर्यंत, म्हणजे जो फुकटात त्याला आवरतोय तोच मरतो, आणि पुढच्या पालवीला गाठी वाढतात. शिवाय ते औषध खाली बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या अंगावर येणार. इतक्या मोठ्या झाडाला पानांवरच्या गाठींनी काही होत नाही. गाठीवाली पानं गळतील ती झाडून उचलली तरी पुरे. लहान रोप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गाठ यायला लागली की पानं खुडावीत.

फांद्या उतरवण्याबद्दल: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हे सांगताना आवाज चढवू नका, फक्त नाव आणि साल सांगा, पुरतं.


खारघर_सकाळ

उंबराचं निघालं म्हणून, उंबर फोडल्यावर आत जी केंबरं असतात ती पण याच प्रकारात का?


येऊर_पायवाट

फार चांगला प्रश्न. केंबरं म्हणजे गांधीलमाश्याच, इवल्याशा, आणि उंबराच्या आत जी बारीक बारीक फुलं असतात त्यातल्या काही फुलांत त्यांची अळी वाढते, ते फूल फुगून गाठच होतं. फरक इतकाच की इथे झाडाला त्याची गरज आहे, ती माशी आत शिरली नाही तर उंबराला बी धरणार नाही. गाठींचा भाडेकरू झाडाच्या कामी येतो याचं याहून जवळचं उदाहरण आपल्या अंगणात नाही. उंबर फोडून केंबरं उडवू नयेत असं जे म्हणतात ते वेगळ्या अर्थाने, पण मुलाला एकदा फोडून दाखवाच.


नेरुळ_खाडीकाठ

दहा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

मीटिंग झाली. मी फोनवर फोटो दाखवले, तडकलेली गाठ, कापलेली गाठ, आतलं पिल्लू (दादा, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच, चपटं, पंखांचे फुगवटे दिसत होते). आंब्याचं विचारणारे काका म्हणाले की मग आंब्यावरच्या त्या पुळ्या वेगळ्या का, मी म्हटलं हो, चला दाखवते, आणि आम्ही सात-आठ जण खाली जाऊन टॉर्च लावून आंब्याची पानं बघत उभे राहिलो. औषध मारायचं नाही असं ठरलं, होळीनंतर नवी पालवी आली की परत बघायचं. फांद्यांचा विषय कायद्याचं नाव घेतल्यावर पुढे गेलाच नाही.

बरण्या दोन केल्या. पहिलीत सहाव्या दिवशी तीन गाठी उकलल्या आणि काचेवर छोटे किडे बसलेले दिसले, छोट्या रातकिड्यासारखे म्हणू की मावा मोठा झाल्यासारखे, पंख पारदर्शक आणि पाठीवर कौलासारखे मिटलेले, फडकं उचललं की टुणकन उडी. दुसरीत नवव्या दिवशी दोन माश्या, इतक्या बारीक की मुलगा म्हणाला आई स्वल्पविराम चालतोय, आणि उन्हात धरलं तर निळ्या-हिरव्या चमकल्या. त्याने लगेच गाठी शोधल्या. दोन्हींना गोल भोक, तडकलेल्या नव्हत्या. स्वतःच म्हणाला, "म्हणजे यांनी घर बांधलं नाही, यांनी बांधणाऱ्याला खाल्लं." मी काहीच सांगितलं नव्हतं.

काकू, मायफळ फोडलं, बिनभोकाचं. अडकित्त्यानेही जाईना, शेवटी बत्त्याने दोन तुकडे केले. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी खोली आणि तिच्यात वाळून कोळ झालेली माशी, पाय पोटाशी घेतलेली. ती त्याने काडेपेटीत कापसावर ठेवलीय. उरलेला तुकडा सासूबाईंनीच सहाणेवर उगाळून दिला, काष्ठौषधीवाल्याकडून दहा रुपयांची हिराकस आणली होती ती टाकली आणि तिघांच्याही डोळ्यांदेखत पाणी काळं झालं. त्या शाईने, काडीला कापूस गुंडाळून, त्याने दोन्ही बरण्यांची लेबलं लिहिली.


येऊर_पायवाट

लेबलवर तारीख घातली ना?


नेरुळ_खाडीकाठ

झाड, ठिकाण, तारीख आणि "गोल भोक, दोन" असं सगळं. पहिल्या दिवशी अक्षरं फिकट राखाडी होती, सकाळी उठून बघितलं तर काळीभोर झाली होती.


काकू_कळवा

ती शाई हवा लागली की गडद होत जाते बाळा. ते लेबल जपून ठेव.